चौदा नंबरच्या पुढे

प्रिय वहिनी,

तुला जाऊन दोन वर्षं होत आली. तू असताना मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. माझ्या मुसफ्फाहून तुमचं अल ऐन दोन तासांवर, त्यात दर शुक्रवारी मी तुमच्या दारात उभा, मग लिहायचं कशाला? पण परवा एक काम केलं, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. दादाला सांगून झालं, तुझ्या सईला सांगून झालं. तरी ज्या माणसाला सांगायचं ते राहूनच गेलं असं वाटत राहिलं.

तर सांगतो. हफीत डोंगराच्या मागच्या अंगाची आपली गुहा आता बंद झाली. तिच्या तोंडाला लोखंडी दार बसलं. ते दार मी बनवलं.

रागावू नकोस, आधी ऐक. महिन्यापूर्वी आमच्या वर्कशॉपला ड्रॉइंग आलं. रोज येतात तशीच चार ड्रॉइंगं टेबलावर होती. एकावर ‘केव्ह गेट’ लिहिलेलं. खाली जागेचा नकाशा पाहिला आणि मी खुर्ची ओढून बसलोच. पोरं आत जाऊन टायर जाळतात, छताचे खडे तोडून नेतात, म्हणून तिथल्या सरकारी खात्याने दार लावायचं ठरवलं होतं. गज आडवे, मध्ये सहा इंचांची फट, वटवाघळांना जा-ये करता यावी म्हणून. फोरमन म्हणून मी ते काम दुसऱ्या कुणालाही देऊ शकलो असतो. दिलं नाही. सगळं वेल्डिंग स्वतः केलं.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा गुहेचं नाव काढलंस तेव्हा मी किती हसलो होतो? मी नुकताच गल्फमध्ये आलो होतो. तू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, दिवसभर रक्ताच्या बाटल्या आणि काचपट्ट्या. तुझ्या हॉस्पिटलात हेल्गा म्हणून ऑस्ट्रियाची एक फिजिओथेरपिस्ट होती. तिचे वडील तिकडे आल्प्सच्या डोंगरात लोकांना बर्फाच्या गुहा दाखवायचे. तिने तुला फोटो दाखवले होते. भर उन्हाळ्यात गुहेत बर्फाचे खांब, लाकडी शिड्या, आणि कोट घातलेली माणसं हातात कंदील घेऊन उभी. घरी येऊन तू मला म्हणालीस, “भावोजी, आपल्याकडे गुहेत देव असतो. त्यांच्याकडे बर्फ असतो. इथल्या गुहेत काय असेल?”

मी म्हटलं, वाळू असेल, दुसरं काय असणार. आणि पुढच्याच शुक्रवारी तुझ्याबरोबर गेलो.

पण आपलं पहिलं भुयार डोंगरातलं नव्हतं, फलजचं होतं. डोंगराखालचं पाणी खजुराच्या बागेपर्यंत आणणारा तो जमिनीखालचा जुना पाट. वरून उतरायला जागोजागी विहिरीसारखी भोकं. हेल्गाने दोर बांधला, तू सलवारचे पाय मोज्यात खोचलेस आणि माझ्याआधी खाली. घोट्याएवढं पाणी, वाकून चालायचं, भिंतीवर हजारो वर्षांपूर्वीच्या छिन्नीचे घाव. तेवढ्यात बागेचा बलुची राखणदार वरून ओरडायला लागला, “मदाम, खलास, यल्ला, बाहर आओ!” तू खालूनच त्याला विचारलंस, बाबा, पाणी कुठून येतं? त्याचा राग तिथेच संपला. तासभर तो वरच्या भोकावर बसून तुला पाण्याच्या वाटण्या समजावत होता. बाहेर आलीस तर त्याने आपल्याला खजूर दिले.

तुला लिफ्टची भीती वाटायची, आणि भुयारात मात्र तू नाचत जायचीस. मी एकदा विचारलं होतं, हे कसं काय? तू म्हणालीस, “आत कुणी हाक मारत नाही.” तेव्हा मला ते पटलं नव्हतं. घरी सई, लॅबमध्ये डॉक्टर, गावाहून फोन, सगळ्यांच्या हाकांना तू ओ देत होतीस हे मला फार उशिरा दिसलं.

मग डोंगरातली ती गुहा सापडली. चार हिवाळे आपण तिथे गेलो. हेल्गा काही जणांसारखी नुसती बघून परतणारी नव्हती. तिने आपल्याला टेप धरायला, कंपास वाचायला, वहीत नकाशा काढायला शिकवलं. भिंतीला हात लावायचा नाही, काही लिहायचं नाही, काही आणायचं नाही. मग मोजणीच्या जागा लक्षात कशा ठेवायच्या? तू लॅबमधल्या चिकटपट्टीचे तुकडे आणलेस, त्यावर मराठी आकडे घातलेस आणि सुट्या दगडांना चिकटवून जमिनीवर ठेवलेस. हेल्गा म्हणायची, हे कुणाला वाचता येणार? तू म्हणालीस, म्हणूनच कुणी हलवणार नाही.

आणि तिचा मोठा नियम. एकटं जायचं नाही, आणि नवीन अरुंद जागेत तिघांपेक्षा कमी माणसांनी शिरायचं नाही. तू तो देवाच्या नेमासारखा पाळलास.

दादाला आपण यातलं काही सांगितलं नव्हतं. आमचे वडील, आबा, गेले ते बाव खणताना. विहिरीत वीस हात खाली होते आणि वरून दरड आली. दादा अकरा वर्षांचा, भाकरी घेऊन काठावर उभा होता. मी दीड वर्षाचा, मला काहीच आठवत नाही. मी बिनधास्त जमिनीखाली जाऊ शकत होतो त्याचं कारण बहुतेक तेच. दादा मात्र मॉलच्या बेसमेंट पार्किंगमध्येसुद्धा गाडी लावायचा नाही. त्याला काय सांगणार होतो? आपण बागेत जातो, मार्केटला जातो, हेल्गाकडे जातो असं सांगायचो. चपला-बुटांना लागलेली माती तू बाहेरच्या नळावर धुवायचीस.

हेल्गा मायदेशी परत जायच्या आधीचा तो शुक्रवार. त्या दिवशी आपण चौदा नंबरचा दगड ठेवला. त्याच्यापुढे जमिनीलगत एक आडवी फट, कशीबशी हातभर उंच. तू गाल जमिनीला टेकून पडलीस आणि म्हणालीस, वारा येतोय. आत मोठी खोली आहे, मला माहीत आहे. हेल्गा म्हणाली, आज नाही, उशीर झाला. परत फिरलो. आणि वाटेतल्या त्या उतरत्या कपारीवर तुझा पाय सरकला.

मनगटाचं हाड मोडलं. बाहेर येईपर्यंत तू एकदाही कण्हली नाहीस. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणालीस, यांना सांगू, बाथरूममध्ये घसरले. मी मान हलवली. तशी थाप मारायला मला काहीच वाटलं नाही.

दोन दिवसांनी हेल्गा तुला भेटायला घरी आली आणि दारातच दादाची माफी मागायला लागली. तिला काय माहीत? दादा तिला चहा घेऊन जा म्हणाला. ती गेल्यावर मला फोन केला. ओरडला नाही. एकच वाक्य बोलला, “विलास, तू आबांचाच मुलगा ना?” आणि फोन ठेवला.

सहा महिने मी अल ऐनला आलो नाही. शुक्रवारी कामगारांच्या कॅम्पमध्येच कपडे धुवायचो आणि झोपून राहायचो. मग गणपतीला दादाचाच फोन आला, मोदक केलेत, ये. आलो. तो दार उघडून आत निघून गेला आणि मी त्याच्या पाठीमागे जाऊन म्हटलं, दादा, वहिनीला पुन्हा कधी नेणार नाही. शब्द देऊन बसलो.

तू मला तीनदा विचारलंस. पहिल्यांदा स्वयंपाकघरात, भाजी चिरता चिरता. मी म्हटलं, दादाला वचन दिलंय. दुसऱ्यांदा सईच्या शाळेच्या गॅदरिंगला, बाहेर पार्किंगमध्ये. तू म्हणालीस, भावोजी, फक्त चौदापर्यंत जाऊ, पुढे नाही. मी म्हटलं, वहिनी, मला माहीत आहे तू चौदाला थांबणार नाहीस. तिसऱ्यांदा मी सुट्टीवर गावी निघालो होतो. तुझं ऐकूनही न घेता मी म्हटलं, आता तो विषय खलास कर. तू म्हणालीस, “बरं.”

त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. दीड वर्षाने तुझं आजारपण निघालं. ज्या लॅबमध्ये तू दुसऱ्यांचे रिपोर्ट करायचीस तिथेच तुझा रिपोर्ट झाला, आणि म्हणे तो आधी तूच वाचलास. त्या आठ महिन्यांत मी दर शुक्रवारी यायचो. पाय दाबून द्यायचो, पेज भरवायचो. आणि ते ‘बरं’ माझ्या कानात असायचं. एखादा दिवस घेऊन गेलो असतो तर काय झालं असतं? दादाला दिलेला शब्द पाळला, की मीच घाबरलो होतो आणि दादाचं नाव पुढे केलं? आज सांगतो, दुसरं खरं. त्या कपारीवर तू पडलीस तेव्हा तुझा हात माझ्या हातातून सुटला होता. तू ते कधी कुणाला सांगितलं नाहीस. हेल्गालासुद्धा वाटलं, तू एकटीच घसरलीस.

आता परवाचं सांगतो.

दोन माणसं आणि जनरेटर घेऊन सकाळी सातला पोचलो. खात्याचा एक सुदानी इंजिनिअर देखरेखीला आला होता, भला माणूस. दुपारपर्यंत खडकात भोकं पाडून फ्रेम पक्की केली, दार चढवलं. कुलूप लावायच्या आधी तो म्हणाला, आत कुणी माणूस किंवा जनावर राहिलेलं नाही ना, हे शेवटपर्यंत बघून यावं लागेल, तसा कागद भरायचा आहे. कोण जाणार? माझी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी म्हटलं, मी जातो, मला जागा माहीत आहे. नियम म्हणून त्या दोघांना बरोबर घेतलं. एकाला कपारीवर उभं केलं, एकाला फटीपाशी. त्यांना वाटलं, फोरमनला वेड लागलंय.

वहिनी, तुझे दगड तसेच आहेत. पहिले तीन पोरांनी इकडेतिकडे केलेत, पण चारपासून सगळे जाग्यावर. पट्टी पिवळी पडली आहे, शाई टिकली आहे. एकेक आकडा बघत मी चौदापाशी पोचलो. पोट सुटलंय माझं, तुला माहीतच आहे. श्वास सोडायचा, सरकायचं, थांबायचं, ही हेल्गाची रीत. दोन जागी अडकलो. शर्ट फाटला. मग अचानक डोक्यावरचं छत नाहीसं झालं आणि मी गुडघ्यांवर उठून बसलो.

खोली आहे. तू म्हणत होतीस तेवढी मोठी नाही. तुमच्या फ्लॅटच्या हॉलएवढी असेल, पण उंच. एका भिंतीला पांढऱ्या सुया फुटल्यासारखे खडे, टॉर्च फिरवला की मिठासारखे चमकतात. जमीन कोरडी. मी टॉर्च खाली केला, आणि माझ्या पायापाशी एक दगड होता. त्याच्यावर पट्टी. पट्टीवर १५.

मला पहिल्यांदा काही कळेचना. मी चौदाच परत बघतोय की काय असं वाटलं. पण तुझा पाच मी ओळखतो, शेपूट नको तेवढी लांब. पुढे १६. भिंतीच्या कडेने १७, १८. खोलीच्या टोकाला एक उतरती वाट सुरू होते, तिच्या तोंडाशी १९. मी तिथेच बसलो. फटीपाशी उभा केलेला माणूस घाबरून मला हाका मारायला लागला तेव्हा उठलो.

बाहेर येऊन कागदावर सही केली, कुलूप लावलं, किल्ली इंजिनिअरला दिली. आणि माणसांना गाडीने पाठवून मी टॅक्सी करून थेट दादाकडे गेलो. फाटका शर्ट, अंगभर धूळ. दादाने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “आत गेला होतास?”

मी विचारलं, वहिनी कुणाबरोबर गेली होती?

तो स्वयंपाकघरात गेला, माझ्यासाठी पाणी आणलं. मग म्हणाला, “माझ्याबरोबर. दोनदा.”

त्याने सगळं सांगितलं, जसं तो सगळं सांगतो तसं, हिशेबशीर. मी त्या वेळी गावी होतो. मी ‘खलास’ म्हणून गेलो त्या रात्री तू जेवली नाहीस. तिसऱ्या दिवशी तोच तुला म्हणाला, चल. तू म्हणालीस, अहो, तुम्हाला नाही जमणार. तो म्हणाला, मी बाहेर बसेन, बाहेरचा माणूसही माणूसच असतो ना तुमच्या नियमात? तू दोन तासांत येते म्हणालीस. तो गुहेच्या तोंडाशी दगडावर घड्याळ ठेवून बसला. पहिल्यांदा तू वेळेत आलीस. दुसऱ्यांदा दोन तास उलटले, वर अर्धा तास गेला. मग तो उठला आणि आत शिरला.

वहिनी, दादा आत शिरला! मी त्याला विचारलं, किती आत गेलास? म्हणाला, दहा पावलं. मोजली. दहाव्या पावलाला मागचा उजेड कमी झाला आणि त्याचे पाय थांबले. मग त्याने तुला हाक मारली. ज्या माणसाने चारचौघांत कधी तुझं नाव घेतलं नाही, त्याने तिथे उभं राहून तुझं नाव घेऊन हाका मारल्या. दहा मिनिटांनी तू आलीस. धुळीने पांढरी झालेली, आणि तोंडभर हसत. म्हणालीस, “तुमची हाक अगदी शेवटपर्यंत ऐकू येते हो.”

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? एवढी वर्षं मी मनात काय घेऊन फिरतोय?

तो म्हणाला, “तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मग मला सहा महिने दार का बंद होतं. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.”

तेवढ्यात सई आली. बारावीला आहे ती, उंची तुझ्याएवढी. मी तिला म्हटलं, तुझी आई गुहेत गेली होती, तुला माहीत आहे? ती म्हणाली, “काका, ऑफ कोर्स. आय वॉज इन द कार. बोथ टाइम्स. इट वॉज सो बोअरिंग.”

म्हणजे नियमाप्रमाणे तिघं होतात, आणि सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला नाही. तुला नाही वाटलं, एकदा सांगावं? पेज भरवताना मी तोंड फिरवून डोळे पुसायचो, ते तुला दिसत होतं. एक वाक्य बोलली असतीस तर? की तुला वाटलं, याने थोडं सोसावं? तसं असेल तर तेही ठीक. तुझा हक्क होता. पण मला वाटतं, तू दादाचीच बाजू राखलीस. त्याची दहा पावलं तुला कुणाला सांगायची नव्हती.

मग दादाने मला विचारलं, “आत काय आहे रे? ती सांगायची, पण मला नीट समजायचं नाही.” मी त्याला खोली सांगितली. उंची सांगितली, पांढरे खडे सांगितले, एकोणिसाव्या दगडापुढची उतरती वाट सांगितली. तो मध्येमध्ये थांबवून विचारत होता, भिंत कुठल्या हाताला? बसायला जागा आहे? श्वास घेता येतो? ज्या माणसाला बेसमेंट नको तो हे सगळं विचारत होता. शेवटी म्हणाला, तोंडाकडच्या पहिल्या मोठ्या दालनापर्यंत वाट उभ्याने जाण्यासारखी आहे ना? मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, मग बघू.

वहिनी, त्या कुलपाला दर सहा महिन्यांनी ग्रीस लावायचं काम आमच्याकडे आहे. पुढची पाळी जानेवारीत. त्या सुदानी इंजिनिअरला मी विचारून ठेवलंय. तो म्हणाला, इन्शाल्ला, घरची माणसं असतील तर घेऊन ये, पहिल्या दालनापर्यंतच.

तुला शब्द देतो, आणि हा कुणाचं नाव पुढे करून मोडणार नाही. मी दादाला ओढणार नाही, धीर देणार नाही, काही शिकवणार नाही. दहाव्या पावलाला तो थांबला तर मीही थांबेन, आणि अकरावं पाऊल त्याचं तो टाकेल तेव्हा टाकेल. जाताना मी पुढे चालेन. येताना त्याला पुढे ठेवीन, म्हणजे त्याच्या आणि उजेडाच्या मध्ये कुणी उभं नसेल.

तुझा दीर,
विलास
मुसफ्फा